समुपदेशक ताईंना, आमच्या घरातून

स. न. वि. वि.

ताई, तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत. हंटिंग्टन हा आईबापांकडून मुलांत उतरणारा मेंदूचा आजार; तो असलेली घरं आपल्याकडे तोंड मिटून बसतात आणि शेजारीपाजारी 'घराण्यातच वेड आहे' म्हणून मोकळे होतात.

आम्ही आलो तेव्हा ह्यांची फाईल जाडजूड झाली होती. एकीकडे 'टेन्शन' लिहिलेलं, दुसरीकडे नुसत्या झोपेच्या गोळ्या. तुम्ही सासऱ्यांबद्दल विचारलंत. ते दारू प्यायचे, असं आम्ही सांगितलं. सगळं गाव तेच म्हणायचं. "पिताना कुणी पाहिलं?" कुणीच पाहिलं नव्हतं. चालताना झोकांड्या जायच्या, हातातलं भांडं पडायचं, तेवढ्यावर शिक्का बसला होता. घरी आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आयुष्यभर शिव्या घातल्या मी त्यांना."

मग रक्ताची तपासणी झाली. चौथ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात सीएजी ही अक्षरं पुन्हापुन्हा येतात. ४० किंवा त्याहून जास्त वेळा आली तर आजार आज ना उद्या होतोच; ह्यांची ४४ निघाली. जॉर्ज हंटिंग्टनने १८७२ साली आजार लिहून ठेवला, जनुक १९९३ साली सापडलं, बरं करणारं औषध अजून नाही. हे सगळं तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. खोटा धीर देणारे खूप भेटले होते हो.

सगळ्यात उपयोगी पडलं ते 'करत नाहीत' आणि 'करता येत नाही' यातला फरक तुम्ही समजावलात ते. तासन् तास बसून राहणं हा आळस नाही, आजारच आहे. स्वतःचे हातपाय हलताहेत हे त्यांना खरंच जाणवत नसेल, हे तर माझ्या डोक्यातही आलं नसतं. आता मी "काय खाणार?" विचारत नाही. "उपमा की शिरा?" विचारते आणि गप्प थांबते. उत्तर येतं, उशिरा येतं.

जेवणाचंही तसंच. टीव्ही बंद, पाठ ताठ, हनुवटी जरा खाली, घास छोटा. लाडवाचा भुगा होऊन ठसका लागतो म्हणून लाडू बंद. शिऱ्यात तूप सढळ, कारण सततच्या हालचालींनी वजन झरझर उतरतं. पाणी घट्ट करून द्यायला तुमच्या ओळखीच्या थेरपिस्ट बाईंनी शिकवलं. हालचाली कमी करणारं टेट्राबेनाझिन हे औषध सुरू झालं तेव्हा 'मन खचतंय का बघा' असं तुम्ही बजावलंत, म्हणून त्यांचं गप्प होणं वेळेत डॉक्टरांच्या कानावर घातलं.

आणि आमची लेक. दर मुलामागे नाणेफेक, निम्मी शक्यता. भावाला झालं म्हणून बहीण सुटली असं नसतं. नातेवाईक म्हणाले, लग्नाआधी तपासून टाका. तुम्ही आम्हा सगळ्यांना बाहेर बसवून तिच्याशी एकटीशी बोललात. तपासणी करायची की नाही, कधी करायची, निकाल कुणाला सांगायचा, हे तिचं ती ठरवेल, असं आम्हाला ठणकावलंत. तिनं अजून केलेली नाही. आम्ही विचारत नाही.

तुमच्याकडे नव्यानं येणाऱ्या कुणाला घरातल्या बाईशी बोलावंसं वाटलं तर माझा नंबर बिनधास्त द्या. दुपारी दोननंतर बरं पडतं, ह्यांचं जेवण तोवर आटोपतं.

तुमची ऋणी,
एका पेशंटची बायको