कवरत्तीला केबल का नाही?

पनवेल,
श्रावण

प्रिय नंदू,

तुझं पत्र आणि लक्षद्वीपमधल्या कवरत्तीचे फोटो मिळाले. निळ्या पाण्याचे फोटो सगळेच आणतात. डिझेल पॉवरहाऊसच्या धुराड्यांचे फोटो काढून आणणारा पर्यटक तू एकटाच असशील. वहिनी त्यावरून काय बोलल्या असतील ते मी इथे बसून ऐकू शकतो.

तुझा प्रश्न मात्र रास्त आहे. घारापुरीला समुद्राखालून वीज गेली, कोचीहून लक्षद्वीपला इंटरनेटची केबल गेली, मग विजेची का जात नाही? कट्ट्यावर तू निकालही देऊन टाकलास: इच्छाशक्ती नाही! इच्छाशक्तीचा दुष्काळ आपल्याकडे आहेच, पण या खटल्यात आरोपी दुसराच आहे. माझी सगळी नोकरी टॉवर आणि केबलींत गेली, त्यामुळे हे पत्र लांबणार. चहा घेऊन बस.

आधी घारापुरी. आपण उरणची पोरं, मोऱ्याच्या धक्क्यावरून ते बेट बघतच वाढलो. एका बाजूला ट्रॉम्ब्याचं टाटांचं वीजकेंद्र, आपल्या बाजूला 1982 पासूनचं गॅस टर्बाइन केंद्र, आणि मध्ये लेण्यांचं बेट रात्री काळंठिक्कर. शेतबंदर, राजबंदर, मोराबंदर या तिन्ही वाड्यांना संध्याकाळी जनरेटरचे तीनएक तास, एवढाच उजेड. जगभरचे लोक दिवसा लेणी बघून शेवटच्या लाँचने परत जायचे. 22 फेब्रुवारी 2018 ला तिथे ग्रिडची, म्हणजे मुख्य भूमीवरच्या वीजजाळ्याची वीज पोचली, तीही 22 केव्हीच्या (22 हजार व्होल्टच्या) साडेसात किलोमीटर सागरी केबलमधून. तीन फेजच्या तीन केबली आणि चौथी राखीव. खर्च पंचवीस कोटींच्या घरात, घरं दोनेकशे. भागाकार केलास तर घरामागे बारा लाखांवर जातं. तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली होती. मला तो खर्च अजिबात जास्त वाटत नाही. दोन वीजकेंद्रांच्या मधोमध बसून अंधारात काढलेल्या वर्षांचं व्याजच धर की.

पण साडेसात किलोमीटर हा आकडा लक्षात ठेव. सगळं त्याच्याभोवती फिरतं.

हवेतून जाणारी लाईन आणि पाण्याखालची केबल यांत फरक काय? केबलीत मधे तांबं किंवा ॲल्युमिनियम, त्यावर इन्सुलेशनचा जाड थर आणि त्यावर धातूचं वेष्टन. म्हणजे अख्खी केबल हा एक लांबच लांब कपॅसिटर, विजेचा भार साठवणारं भांडंच झालं. आपला एसी प्रवाह सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होतो आणि तितक्या वेळा हा कपॅसिटर भरावा नि रिकामा करावा लागतो. त्यासाठी लागणारा करंट केबलीतूनच वाहतो, काम मात्र काहीच करत नाही. विरारहून खच्चून भरून निघालेली लोकल बोरिवलीला थांबते खरी, पण चढायला जागा कुठे असते? लांब केबलीचं तसं होतं. तिची सगळी जागा तिचाच करंट अडवून बसतो.

ढोबळ हिशेब सांगतो. 22 केव्हीला हा फुकट करंट किलोमीटरमागे साधारण एक अँपिअर. घारापुरीला सात-आठ अँपिअर, किस झाड की पत्ती. जास्त वीज न्यायची म्हणून 150 केव्हीला गेलास तर तोच किलोमीटरमागे पाचेक अँपिअर होतो. शंभर किलोमीटरला पाचशेच्या वर. अशा केबलीची एकूण ताकद सातआठशे अँपिअरची, म्हणजे अर्ध्याहून जास्त गाडी विरारलाच भरली. दोन्ही टोकांना रिॲक्टर (हा फुकट करंट भरून काढणारी मोठी कॉइल) बसवून थोडी सूट मिळवता येते. ग्रीसने 2021 मध्ये पेलोपोनीसहून क्रीटला समुद्राखालून 132 किलोमीटरची एसी केबल नेली, ती जगातल्या सर्वांत लांब एसी केबलींमध्ये मोडते. कोची ते कवरत्ती अंतर आहे चारशे किलोमीटर. एसीचं नावही काढू नकोस.

मग डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. तिच्यावर केबल एकदा चार्ज झाली की झाली, पन्नास वेळा भरणं-उपसणं नाही. हा उपाय पहिल्यांदा धंद्यात उतरला तोही एका बेटासाठीच. स्वीडनचं गॉटलंड. 1954 मध्ये मुख्य भूमीवरून तिथे 98 किलोमीटरची केबल नेली: 100 केव्ही डीसी, 20 मेगावॅट. एसीची डीसी आणि पुन्हा डीसीची एसी करायला पाऱ्याचे व्हॉल्व्ह होते. त्यामागे उनो लाम नावाच्या इंजिनियरने आयुष्याची उमेदीची वर्षं घातली. आणि केबल एकच! परतीचा करंट सरळ समुद्राच्या पाण्यातून. आम्हाला कॉलेजात हे दोन ओळींत उरकून शिकवलं होतं. पुढे मी स्वतः ही अदलाबदल करणाऱ्या कन्व्हर्टरच्या हॉलमध्ये उभा राहिलो तेव्हा कळलं की 1954 मध्ये हे करणं म्हणजे छातीच पाहिजे.

आता तू म्हणशील, मग लक्षद्वीपला डीसी न्या. नेता येईल. इटलीने सार्डिनियाहून मुख्य भूमीपर्यंत 500 केव्ही डीसीच्या केबली 1600 मीटरहून खोल पाण्यातून नेल्या आहेत, लांबी चारशेच्या वर, क्षमता हजार मेगावॅट. म्हणजे अंतर आणि खोली दोन्ही माणसाने जिंकलेली आहेत. फक्त सार्डिनियात पंधरा लाखांवर लोक राहतात, आणि लक्षद्वीपची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 64,473. तीही दहा बेटांवर विखुरलेली. मिनिकॉय तर कवरत्तीहून आणखी अडीचशे किलोमीटर दक्षिणेला. कोचीची केबल कवरत्तीला आली तरी उरलेल्या नऊ बेटांचं काय? आणि कन्व्हर्टर स्टेशनचा खर्च बेट लहान म्हणून लहान होत नाही.

इंटरनेटच्या केबलीचं उदाहरण तू दिलंस ते मला आवडलं, कारण वरवर बघता ते अगदी बिनतोड आहे. जानेवारी 2024 मध्ये सुरू झालेली ती कोची–लक्षद्वीप केबल एकूण 1868 किलोमीटर, खर्च 1072 कोटी. किलोमीटरला साठ लाखांच्या आतच. पण खोल पाण्यातली ऑप्टिकल केबल अंगठ्याएवढी जाड असते, मीटरला किलोभरसुद्धा भरत नाही. जहाजात हजारो किलोमीटर गुंडाळून न्यावी. विजेची डीसी केबल दंडाएवढी, मीटरला तीस-चाळीस किलो. हजार मीटर खोल पाण्यात सोडताना जहाजाच्या कडेवरून लोंबणारं वजनच कित्येक टनांत जातं, ते धरून ठेवणारी जहाजं जगात मोजकी आणि त्यांच्या तारखा काही वर्षं आधी घ्याव्या लागतात. गंमत म्हणजे लांबच्या ऑप्टिकल केबलीतूनही वीज जातेच. वाटेत सिग्नलचा जोर वाढवणाऱ्या रिपीटरांना किनाऱ्यावरून डीसी पुरवतात, पण एखाद्या अँपिअरची. त्यावर कवरत्ती चालायची नाही.

पैशाचा भाग इथे संपवतो. आता मला खरं जे सांगायचं आहे ते.

केबल वीज आणते हे सगळ्यांना दिसतं. ती बेटाला एका मोठ्या कळपात नेऊन बांधते, हे फारसं कुणी बोलत नाही. सुट्या बेटावर दोन-तीन डिझेल सेट चालू असतात. त्यांतला एक ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला, की फ्रिक्वेन्सी (तो सेकंदाला पन्नासचा ताल) सेकंदांत खाली येते आणि ऑपरेटर एकेका भागाची लाईन, म्हणजे फीडर, बंद करत सुटतो. ग्रिडला जोडलेल्या बेटावर हे होत नाही. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर–सोलापूर ही 765 केव्हीची लाईन जोडली गेली आणि दक्षिण ग्रिड बाकी देशाशी एका तालात आली. म्हणजे आज शेतबंदरातल्या हॉटेलचा पंखा लेहपासून कन्याकुमारीपर्यंतच्या प्रत्येक टर्बाइनशी एका फ्रिक्वेन्सीने बांधलेला आहे. कुठे पाचशे मेगावॅटचा संच बंद पडला तरी घारापुरीला कळतही नाही. (डीसी केबलीत हा ताल आपोआप जात नाही. बेटाला आपली फ्रिक्वेन्सी आपणच सांभाळावी लागते, नाहीतर नव्या पद्धतीचे कन्व्हर्टर ती बनवून देतात. पण ते राहू दे.)

या सुखाची किंमत अशी की बेट आपली यंत्रं विसरतं. बाहेरून स्वस्त वीज मिळत असताना महागडा डिझेल सेट कोण फिरवणार? पहिलं वर्ष महिन्यातून एकदा ट्रायल, मग तीन महिन्यांतून, मग चावी कुणाकडे आहे तेच कुणाला माहीत नाही. माल्टाने 2015 मध्ये सिसिलीशी केबल जोडली, 200 मेगावॅटची. 23 डिसेंबर 2019 ला एका जहाजाच्या नांगराने ती दुखावली आणि देशभर अंधार झाला, ऐन नाताळच्या तोंडावर. वीज काही तासांत परत आणता आली, कारण माल्टाने आपली वीजकेंद्रं मोडीत काढली नव्हती. केबलीच्या दुरुस्तीला मात्र महिने लागले. समुद्रातली केबल तुटली तर लाईनमनला शिडी देऊन चढवता येत नाही ना! जहाज यायला हवं, हवामान उघडायला हवं, तुटकी टोकं वर आणून जोडायला हवीत.

लांब कशाला, मुंबईच घे. शहराला राज्याच्या ग्रिडपासून तोडून आपल्यापुरतं जिवंत ठेवायची यंत्रणा 1980 च्या दशकापासून आहे. 12 ऑक्टोबर 2020 च्या सकाळी कळवा-पडघ्याकडच्या 400 केव्हीच्या लाईनी एकामागोमाग गेल्या आणि यंत्रणेवर तोडायची वेळ आली. शहर टिकलं नाही. लोकल जागच्या जागी थांबल्या. कारण साधं होतं: त्या वेळी शहरात चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने फारच तोकडी होती. बाहेरची वीज स्वस्त, म्हणून घरचे काही संच थंड ठेवलेले. त्या दिवशी आमच्या ऑफिसात सायबर हल्ल्यापासून माकडापर्यंत सगळ्या शक्यता मांडून झाल्या. थंड संचांचा विषय काढला तेव्हा कुणाला त्यात रस वाटला नाही.

म्हणून माझं ठाम मत आहे: जवळच्या बेटाला केबल जरूर द्यावी, पण ज्या दिवशी केबल चार्ज होईल त्याच दिवशी जुन्या पॉवरहाऊसच्या देखभालीचा पैसा वेगळा काढून ठेवावा. उद्घाटनाच्या भाषणात डिझेलपासून मुक्ती म्हटलं जातं ना, तिथेच माझं डोकं फिरतं.

आणखी एक गोष्ट, कारण तू लिहिलं आहेस की केबल आली की बेटाचं कल्याण. स्कॉटलंडच्या वरची शेटलंड बेटं बघ. तेवीस हजारांच्या आसपास वस्ती. 2024 मध्ये तिथून मुख्य भूमीपर्यंत 260 किलोमीटरची डीसी केबल सुरू झाली, 600 मेगावॅटची. एवढ्याशा बेटाला 600 मेगावॅट कशाला? कारण ती केबल मुळात वीज बाहेर न्यायला टाकली आहे. तिथल्या उघड्या माळांवर 103 पवनचक्क्यांचं 443 मेगावॅटचं केंद्र उभं राहिलं, आणि एवढ्या मोठ्या केबलीचं गणित त्यामुळेच जमलं. आता तिथले लोक विचारतात, चक्क्या आमच्या डोंगरावर आणि थंडीतलं आमचं बिल एवढं का? मला हा प्रश्न ओळखीचा वाटला. कोयनेच्या काठी धरणग्रस्तांच्या तोंडून आपण तो ऐकलेलाच आहे.

तर कवरत्तीला केबल नको. लिटरभर डिझेलमधून साडेतीन-चार युनिट निघतात. डिझेल नव्वद रुपये धरलं तर नुसतं इंधनच युनिटला तेवीस-पंचवीस रुपये, वर ते मुख्य भूमीवरून बोटीने आणायचं, पावसाळ्याआधी साठवायचं. एवढ्या महाग विजेशी तर सौर पॅनेल आणि बॅटरी आजच टक्कर देतात. कवरत्तीत तसा संच बसलाही आहे, आणि तोच रस्ता बरोबर आहे. दिवसा ऊन, संध्याकाळी बॅटरी, ढगाळ आठवड्याला डिझेल. अडचण जमिनीची: बेट चिंचोळं, माडांनी भरलेलं आणि पॅनेलांना जागा लागते. घरांच्या नि शाळांच्या छपरांवर जितकी मावतील तितकी बसवावीत, बाकीच्यासाठी लॅगूनमध्ये (प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात) तरंगती पॅनेलं वगैरे कल्पना लोक मांडतात. प्रवाळावर सावली पाडायची माझी तरी तयारी नाही.

कट्ट्यावर हे सगळं सांगू नकोस, ते लोक माल्टापर्यंतसुद्धा टिकणार नाहीत. चारशे किलोमीटर आणि चौसष्ट हजार माणसं, एवढंच सांग.

आणि माझं एक काम कर. तुझ्या तिसऱ्या फोटोत शेडमागे पॅनेलांची रांग दिसते आहे, पण भर उन्हातही दोन धुराड्यांतून धूर निघतो आहे. पॅनेलं चालू असताना किती सेट फिरवावे लागतात, ते एक बंद का करू शकत नाहीत, हे मला हवं आहे. तू ज्यांच्याकडे उतरला होतास त्यांचा भाचा पॉवरहाऊसला ऑपरेटर आहे म्हणालास ना? त्याला फोन करून दुपारी बाराचा लोड आणि बॅटरीचा चार्ज विचार. लॉगशीटच्या पानाचा फोटो पाठवला तर फारच उत्तम. दिवाळीपर्यंत कळव.

वहिनींना नमस्कार, आणि चिनूला बारावीच्या मार्कांबद्दल शाबासकी. इलेक्ट्रिकलला जायचं म्हणत असेल तर आधी माझ्याशी बोलू दे.

तुझा,
अव्या