छेना पोड: करपू द्यायचं, पण बेतानं

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

आई, तू फोनवर विचारलेल्या छेना पोडची, म्हणजे छेन्याच्या (फाडलेल्या दुधाच्या ताज्या, मऊ चोथ्याच्या) भाजलेल्या मिठाईची कृती सविस्तर लिहून पाठवते आहे. इथे भुवनेश्वरला तो मिठाईच्या दुकानात वजनावर मिळतो, पण मुळात तो ओडिशातल्याच नयागढचा. गेल्या शतकात तिथल्या सुदर्शन साहू नावाच्या हलवायानं तो पहिल्यांदा केला असं सांगतात. साखर घातलेला छेना त्यांनी रात्री विझत आलेल्या भट्टीत ठेवून दिला आणि सकाळी तो भाजून तयार झाला होता, अशी गोष्ट आहे. ११ एप्रिल, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, ओडिशात आता छेना पोड दिवस म्हणून पाळतात. बाबा, रथयात्रेच्या प्रसादात असतो तो हाच का, असं तुम्ही विचारलं होतं. नाही. परतीच्या यात्रेत जगन्नाथाला त्याच्या मावशीच्या देवळापाशी नैवेद्य दाखवतात तो पोड पिठा. तो मुख्यतः तांदूळ आणि उडदाचा, वेगळा पदार्थ.

'पोड' म्हणजे जळलेलं. पदार्थाचं सगळं मर्म त्या एका शब्दात आहे. आपला हात सोनेरी रंग दिसला की भांडं उतरवतो. इथे तो रंग अर्ध्या वाटेवरचा. कडा चिंचेच्या रंगाच्या व्हायला हव्यात, आत मात्र मऊ, ओलसर आणि किंचित रवाळ. खरवस डोळ्यांसमोर आणू नका. खरवस वाफेवरचा, गुळगुळीत, आणि याची चव त्या करपलेल्या कडेतून आत उतरते.

दूध गाईचंच घ्या, दोन लिटर. त्यातून साधारण ३५० ग्रॅम छेना निघतो. म्हशीच्या दुधाचा छेना जास्त निघतो, पण तो घट्ट आणि चिवट होतो. दूध उकळलं की गॅस बंद करून दोन-तीन मिनिटं थांबा. तीन मोठे चमचे लिंबाच्या रसात तेवढंच पाणी मिसळून चमच्याचमच्यानं घाला आणि हलक्या हातानं ढवळा. पाणी हिरवट, स्वच्छ दिसलं की लिंबू थांबवा, उरलं तरी चालेल. फुटल्यावर दूध पुन्हा उकळत ठेवलं किंवा आंबट जास्त पडलं की छेना रबरासारखा होतो, मग कितीही मळा, उपयोग नाही.

आई, ते गरम पातेलं उचलून ओतू नकोस. चाळणीवर ओलं मलमलचं फडकं घाल आणि झाऱ्यानं छेना काढून त्यात टाक. वरून गार पाणी ओतलं की लिंबाचा वास जातो आणि छेना आणखी शिजायचा थांबतो. मग फडकं अर्धा तास टांगून ठेवायचं. वजन ठेवून दाबायचं नाही, ते पनीरसाठी. रसगुल्ल्याचा छेना बराच कोरडा लागतो, याचा ओला हवा. मुठीत दाबल्यावर बोटांना ओल लागली पाहिजे, पण पाणी ठिबकता कामा नये. खाली उरलेलं पाणी फेकू नका. थोडं याच कामाला लागेल, बाकीच्यात थालीपिठाचं पीठ भिजवा.

आता परातीत छेना, १२० ग्रॅम साखर आणि दोन मोठे चमचे बारीक रवा. तळहाताच्या गादीनं आठ-दहा मिनिटं मळायचं. हे काम बाबांनी करावं, आईच्या मनगटाला ताण नको. साखर विरघळायला लागली की मिश्रण आपोआप सैल होतं, म्हणून आधीच पाणी घालू नका. मिक्सर वापरायचा तर दोनदा-तीनदा नुसता झटका द्या. जास्त फिरवला की छेन्यातलं तूप सुटतं आणि पोड तेलकट, दडस होतो. मळून झालं की एक मोठा चमचा तूप, पाच-सहा वेलदोड्यांची पूड आणि चिमूटभर मीठ घाला. वीस मिनिटं झाकून ठेवा, रवा फुगेल. मग छेन्याचं पाणी तीन-चार चमचे, लागेल तसं. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट असावं, चमच्यातून ओघळू नये, थबकन पडावं. शेवटी गरम पाण्यात भिजवलेले बेदाणे. काजू इथे घालतात, पण बाबांच्या दातांना ते नकोत.

साखर ८० ग्रॅमपर्यंत कमी केली तरी चालेल, त्याखाली नको. गोडीपुरताच प्रश्न नाही. पोडाचा रंग आणि तो भाजका वास साखर आणि दूध एकत्र तापण्यातूनच येतो. साखर फार कमी झाली की पोड फिका राहतो आणि नुसता भाजलेल्या पनीरसारखा लागतो.

पारंपरिक पोड साल वृक्षाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यांवर काही तास भाजतात. आपल्याकडे ती पानं मिळणार नाहीत, केळीचं पान घ्या. आचेवर फिरवून मऊ केलं की चिरत नाही. हळदीचं पान वापरायचा मोह होईल, पण त्याचा वास छेन्यावर मात करतो. सहा इंची डब्यात पान आडवं-उभं असं दोन थरांत, कडा बाहेर लोंबतील असं घाला, आतून तूप लावा आणि मिश्रण ओता. थर सव्वा इंचाच्या आसपास येईल. डबा लहान घेतला तर थर जाड होतो आणि मधे कच्चं राहतं. लोंबणाऱ्या कडा वर दुमडून पोड झाका. बेकिंग पावडर घालू नका. तिनं पोड फुगतो आणि बाहेर काढल्यावर मधे बसतो.

ओव्हन १८० अंशांवर आधी तापवा. ५० मिनिटं भाजा, मग वरचं पान उघडून २०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं. इथे जवळ उभं राहायचं, कारण शेवटच्या पाच मिनिटांत रंग भराभर चढतो. कडा डब्यापासून सुटलेल्या दिसल्या आणि मधे घातलेली सुरी जवळजवळ कोरडी निघाली की झालं. सुरीला दुधाळ ओघळ आला तर आणखी दहा मिनिटं. वर मोठ्या भेगा पडल्या तर छेना फार कोरडा होता किंवा आच फार होती.

ओव्हन नको असेल तर जाड बुडाचं जुनं पातेलं घ्या. कुकर नको, तासभर कोरडा तापवला की त्याची वाट लागते. पातेल्यात इंचभर वाळू, त्यावर तिवई, वर घट्ट, जड झाकण. मोठ्या आचेवर पंधरा मिनिटं तापवून डबा आत ठेवा, मग मंद आचेवर सव्वा ते दीड तास. तास होईपर्यंत झाकण उघडू नका. यात तळ आणि कडा छान करपतात, वरची बाजू मात्र फिकी राहते. आपलं भानोलं पूर्वी झाकणावर निखारे ठेवून करत ते त्याचसाठी. निखारे नसतील तर पोड पूर्ण गार झाल्यावर तव्यावर चमचाभर तूप सोडून फिकी बाजू चार-पाच मिनिटं भाजून घ्या. गरम असताना उलटलात तर मोडेल.

काळं पडलेलं पान पाहून घाबरू नका, ते जळायलाच हवं. गार झाल्यावर सोलून टाका, त्याचा वास आत राहतो. निदान तीन तास कापू नका. गरम पोड चमच्यानं खावा लागतो, वड्या पडत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो जास्त चांगला लागतो, कारण कडेची चव तोवर आतपर्यंत मुरते. पहिल्या दिवसानंतर फ्रिजमध्ये ठेवा आणि चार दिवसांत संपवा. खायच्या आधी अर्धा तास बाहेर काढा, गारठलेला पोड घट्ट लागतो. बाबा, तुम्ही एका वेळी दोन बोटं रुंद एवढीच वडी घ्या, आणि तीही जेवणानंतर.

केलात की कापलेल्या बाजूचा फोटो पाठवा, कड आणि मधला भाग दोन्ही दिसतील असा. आच किती कमी-जास्त करायची ते रंगावरून सांगता येईल.

तुमची,
लेक