बाबल, तुझी झोपडी अजून तिथेच आहे

फोंडा,
14 ऑक्टोबर 2025

प्रिय बाबल,

दादाच्या दहाव्याला तू आलास आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेलास, त्यानंतर मी तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन आले, तेही उचलले नाहीत. कामाचं कारण देणार नाही. तुझा आवाज ऐकला की दादाच्या खोलीतले रात्रीचे आवाज आठवतात, म्हणून उचलले नाहीत. रागाव हवा तेवढा, पण हे शेवटपर्यंत वाच. घरात हे कोणाला सांगू? आईला कळणार नाही, वहिनीला सांगवत नाही.

तब्येती ठीक. आईचा गुडघा पावसात धरला होता, आता चालते. यंदा चवथीला गणपतीवरची माटोळी, ती फळाभाज्यांची, लहानच बांधली.

परवा दादाचा सोन्या आला आणि विचारतो, "काका, पप्पांचं शेत मला मिळेल?" मी गारच पडलो. मला वाटलं सावईवेऱ्याच्या कुळागराचं, त्या पोफळीच्या बागेचं विचारतोय, तेरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात वाटणी कोणी घातली? तर तो स्टारड्यू व्हॅली या कंप्युटरवरच्या शेतीच्या खेळातल्या शेताबद्दल बोलत होता.

आपण खेळ विकत घेतो त्या स्टीमवर खेळ वाटून घ्यायची नवी सोय, फॅमिली, आली तेव्हाचं आपलं भांडण तू विसरला नसशील. सप्टेंबर 2024. दादाला केवढा आनंद झाला होता! सहा जण, सगळ्यांचे खेळ एका ठिकाणी, आणि एक जण एक खेळ खेळतोय म्हणून दुसऱ्याला वेगळा खेळ उघडायला थांबायला नको. जुन्या पद्धतीत तू दादाचा खेळ खेळत असताना दादाने काहीही उघडलं की तुझ्याकडे पाटी यायची, एवढ्या मिनिटांत आवरा. तू बॉसला मारायच्या बेतात असताना दादा मुद्दाम पत्त्यांचा खेळ उघडायचा आणि इकडे पोट धरून हसायचा. तू फोनवर ज्या शिव्या दिल्यास त्या आईने ऐकल्या होत्या, माहीत आहे ना? ती अजून विचारते, बाबल पुण्याला जाऊन असं बोलायला लागला का.

तर नव्या फॅमिलीत दादाने एक जागा तुझ्यासाठी ठेवली आणि मी आडवा आलो. म्हटलं, ही सोय एका घरात राहणाऱ्यांसाठी आहे, बाबल पुण्याला. शिवाय जागा एकदा भरली आणि माणूस बाहेर पडला की ती वर्षभर अडकून राहते. दादा एवढंच म्हणाला, "तो घरचाच." मी तुला फोन करून नियम वाचून दाखवला. नियम मी बरोबरच वाचला होता. पण ज्या सुरात वाचला, तो तुला लागला हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याबद्दल मला क्षमा कर, हे मला वर्षभर म्हणायचं होतं. दादाने त्या जागेवर दुसऱ्या कोणाला घेतलं नाही. ती अजून रिकामी आहे.

आता सोन्याचं ऐक. दादाचे सगळे खेळ त्याच्या लायब्ररीत दिसतात. त्याचं खातं मुलाचं, त्यामुळे रात्री वेळ संपली की 'आणखी वेळ हवा' अशी त्याची विनंती घरातल्या मोठ्यांकडे येते. पूर्वी दादा उत्तर द्यायचा, आता मी देतो. त्या बटणावर बोट ठेवताना प्रत्येक वेळी वाटतं, हे माझं काम नव्हे. अर्धा तास देतो. दादा किती द्यायचा रे? तुला ठाऊक असेल.

खेळ मिळाला, पण शेत मिळालं नाही. त्याने स्टारड्यू सुरू केला तर त्याच्या हातात पार्सनिपच्या पंधरा बिया आणि रान माजलेली जमीन. दादाचं शेत दादाच्या नावावर. तुला आठवतं, त्या खेळाची सुरुवातच मरणाला टेकलेल्या आजोबांपासून होते. ते नातवाच्या हातात बंद पाकीट देतात, आत शेत. सोन्या मला तेच म्हणाला, "आजोबा देतात ना काका, मग पप्पांचं का नाही?" मी त्याला काय सांगू? खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, अशी अट आहे. मागच्या वर्षी कॅलिफोर्नियाने कायदा केला, तेव्हापासून पैसे भरतानाच लिहून येतं की तुम्ही वस्तू घेत नाही, वापरायचा परवाना घेता. दादाने ते मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं. मी म्हटलं, असू दे, तुला कुठे विकायचे आहेत.

वहिनी दिवाळीनंतर तो कंप्युटर कोणाला तरी देणार म्हणते. तिचंही बरोबर आहे, त्या खोलीत तिला जाववत नाही. म्हणून रविवारी मी तो चालू केला. दादाचं खातं उघडंच होतं. शेत उघडलं.

खेळातला फॉल, म्हणजे शरद ऋतू, 26 तारीख. लाल भोपळे पिकून उभे आहेत, चार ओळी. तळ्याच्या बाजूला तुझी झोपडी, दारात तू ठेवलेलं ते घाणेरडं बाकडं. दादाने पैसे भरून तुला हा खेळ भेट दिला होता, दोघांनी एकत्र खेळायचं तर दोन प्रती लागतात म्हणून. तुझी प्रत तुझ्याकडे आहे, पण तुझा शेतकरी दादाच्या शेतात राहतो. यजमानाने दार उघडल्याशिवाय तुलाही आत जाता येत नाही. तू इतके महिने दाराबाहेर उभा आहेस, हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मी काही केलं नाही. दादाचा शेतकरी अंथरुणावर गेला नाही तर दिवस लिहिला जात नाही, म्हणून त्याला झोपू न देता बाहेर पडलो. आत अजून 26 तारीखच आहे. पण फॉल 28 तारखेला संपतो. तेवढे दिवस कोणी खेळलं आणि भोपळे काढले नाहीत, तर हिवाळा लागून सगळं मरेल.

वाट आहे, तुला वेगळी सांगायला नको. या खेळात शेत म्हणजे एक साधं फोल्डर. ते मी पेन ड्राइव्हवर घेतलंय. सोन्याच्या लॅपटॉपवर टाकलं की फॅमिलीतल्या प्रतीतून ते उघडेल. दादाच्या खात्याला हात लावायला नको. पण मग सोन्या दादाचा शेतकरी होऊन फिरणार, दादाचं नाव डोक्यावर घेऊन. गावातली माणसं त्याला दादाच्या नावाने हाक मारणार. तेरा वर्षांच्या पोराला हे द्यावं का? आणि तो कंटाळला, महिन्याभराने सोडून दिलं तर? की ते भोपळे असेच उभे ठेवावेत? दोन रात्री याच विचारात गेल्या. तुझी झोपडी त्यात आहे, म्हणून तुला विचारल्याशिवाय देणार नाही.

तुझी बदली झाली का? मुलगी दहावीला ना यंदा, तिला म्हणावं काका येतो एकदा. तुझ्याकडच्या वहिनींना नमस्कार.

इथे तिस्कावर, नाक्यावर, दिवाळीच्या नरकासुराच्या सांगाड्याला कागद चढतोय, पोरं रात्री दोनपर्यंत ढोल बडवतात. तुळशीच्या लग्नाला ये. सोन्या त्याच्या लॅपटॉपवर शेत उघडेल, तू तुझ्यावरून आत ये, आणि भोपळे कसे काढायचे ते त्याला तू सांग. येणं जमणार नसेल तर फोन कर, या वेळी उचलेन.

पेन ड्राइव्ह दादाच्या टेबलाच्या खणात आहे. सोन्याला अजून बोललो नाही.

तुझा,
भाई