विम्याचा अर्ज शाळेतच भरून घ्या

महोदय,

अमेरिकेत मेडिकेड, म्हणजे गरिबांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, मिळण्याइतकी गरिबी नाही आणि खासगी विम्याचा हप्ताही झेपत नाही, अशा घरांतल्या मुलांसाठी ‘चिप’ ही सरकारी आरोग्य विमा योजना १९९७ पासून आहे. तरी अनेक मुले विम्याबाहेरच! २०२३ मध्ये मेडिकेडमधून कुणाचे नाव न वगळण्याची करोनाकाळातली सवलत संपली, तेव्हा पात्र असलेल्या कित्येक मुलांचेही मेडिकेड निव्वळ कागदपत्रांपायी बंद पडले. २०२४ पासून राज्यांना मुलांचे विमा संरक्षण सलग १२ महिने टिकवावे लागते, हे बरे झाले. पण पुढे पुन्हा तोच फॉर्म. शाळेतल्या दवाखान्यात दम्याच्या पंपापासून लशीपर्यंत बरेच काही वर्ग फारसा न बुडता होते. नूतनीकरणाचा अर्जही तिथेच भरून घ्यावा. पालकांचा कामावरचा खाडा तरी वाचेल.

– एक वाचक