मृत्युपत्रातले ते एक मोघम वाक्य

महोदय,

‘माझ्या पश्चात जे काही शिल्लक राहील ते गरीब मुलांच्या शिक्षणासाठी द्यावे.’ मराठी मृत्युपत्रांच्या शेवटी हे वाक्य पुष्कळदा असते. लिहिणाऱ्याच्या मनाबद्दल शंका नाही, पण कोणाला द्यायचे, किती द्यायचे आणि कोणी द्यायचे, यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नाही. भारतीय वारसा अधिनियम, १९२५ नुसार अर्थ निश्चित न होणारी तरतूद रद्द ठरते. मुंबईकडच्या एका मृत्युपत्रातील ‘धरम’साठी ठेवलेले दान याच कारणाने १८९९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे (ब्रिटिश काळातले शेवटचे अपील न्यायालय) टिकले नाही. ‘शिक्षण’ हा हेतू त्याहून स्पष्ट असल्याने न्यायालये ते दान वाचवू पाहतात, हे खरे. पण त्यासाठी कोणाला तरी न्यायालयात जावे लागते, आणि ज्या मुलांसाठी पैसा ठेवला ती मुले काही वकील लावणार नाहीत.

पहिली चूक नावाची. लोक शाळेचे नाव लिहितात. शाळेला सहसा स्वतंत्र कायदेशीर अस्तित्व नसते. ते तिला चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेला किंवा सोसायटीला असते. फलकावरचे किंवा बोलीतले नाव एक आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले नाव दुसरे, हेही सर्रास आढळते. त्यातून एकाच थोर पुरुषाच्या नावाची शिक्षण मंडळे दोन-चार जिल्ह्यांत असली, की वारसांना हरकत घ्यायला आयते निमित्त मिळते. म्हणून नोंदणीचे पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीकृत पत्ता आणि पॅन या चारही गोष्टी मृत्युपत्रात लिहाव्यात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खालचा क्रमांक बहुधा ‘ई’ किंवा ‘एफ’ने सुरू होतो, तो संस्थेच्या पावतीवर सापडेल.

आता काय द्यायचे. सर्वांत जास्त घोळ इथेच होतो. सदनिका थेट संस्थेच्या नावे केली तर संस्थेला ती विकण्यासाठी १९५० च्या याच अधिनियमाच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. ती मिळेपर्यंत देखभाल खर्च आणि मालमत्ता कर चालूच राहतो. त्यापेक्षा मृत्युपत्र अमलात आणण्यासाठी एक व्यवस्थापक (एक्झिक्युटर) नेमून ‘व्यवस्थापकाने सदनिका विकून, खर्च वजा जाता येणारी रक्कम संस्थेला द्यावी’ असे लिहून विक्रीचा अधिकार व्यवस्थापकाला स्पष्ट शब्दांत द्यावा. शेतजमिनीचा प्रश्न याहून बिकट आहे. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन देण्यास बंदी करणाऱ्या, गुजरातच्या कूळकायद्यातील कलम ६३ संबंधी निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटले, की बिगरशेतकऱ्याला मृत्युपत्राने शेतजमीन देणेही या बंदीत येते. मुंबई राज्याचा १९४८ चा तोच मूळ कायदा महाराष्ट्राच्या बऱ्याच भागातही लागू आहे. तेव्हा जमीन संस्थेला लिहून देण्याआधी महसूल कायदा जाणणाऱ्या वकिलाला विचारलेच पाहिजे.

मुदत ठेवीचा फसवेपणा वेगळा. ‘अमुक क्रमांकाची ठेव’ असे लिहिले आणि पुढे ती मोडली, तर मृत्यूच्या वेळी ती वस्तूच अस्तित्वात नसते आणि दान तिथेच संपते. नुसते नूतनीकरण होऊन पावतीचा क्रमांक बदलला तरी वादाला जागा होते. ठरावीक रकमेलाही कालांतराने कीड लागते. महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर आजच्या १० लाखांची किंमत वीस वर्षांनी आजच्या हिशेबात सुमारे ३ लाख १२ हजार उरते. म्हणून देणी, अंत्यविधीचा खर्च आणि इतर दाने भागवून जी मालमत्ता उरेल तिचा टक्का लिहावा. पाच टक्के लिहा, दहा लिहा; इस्टेट वाढली तर दान वाढते, आजारपणात आटली तर मुलाबाळांच्या वाट्यावर दानाचा बोजा पडत नाही.

किती देता येते यालाही मर्यादा आहेत. हिंदू व्यक्तीला स्वकष्टार्जित मालमत्ता आणि एकत्र कुटुंबातील स्वतःचा हिस्सा मृत्युपत्राने देता येतो. इतरांचा हिस्सा नाही. मुस्लिम व्यक्तिगत कायद्यात देणी आणि अंत्यविधीचा खर्च वजा जाता एक तृतीयांशापेक्षा जास्त देण्यास वारसांची संमती लागते. ख्रिस्ती मृत्युपत्रकर्त्यांच्या धर्मादाय दानावर असलेली जाचक मुदतीची अट मात्र सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच घटनाबाह्य ठरवली. अजूनही काही जण तिची भीती घालतात.

हेतू लिहिताना कधी फारच मोघमपणा, तर कधी फारच काटेकोरपणा होतो. ‘अमुक गावातील, अमुक समाजाच्या, ९० टक्के मिळवणाऱ्या मुलीला’ असे लिहिले, की अशी मुलगी न सापडल्याने पैसा पडून राहतो. शिवाय गुणांची अट नेमकी त्याच मुलाला वगळते ज्याच्या घरात अभ्यासाला जागा नाही. शिक्षण हक्क कायदा, २००९ मुळे ६ ते १४ वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, शिक्षण मोफत आहे. खरी गळती पुढे आहे: नववीनंतरचे शुल्क, प्रवास, वसतिगृह, परीक्षेचे अर्ज. पैसा तिथे जावा असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ‘शक्यतो’ हा शब्द जरूर वापरावा. विश्वस्तांना थोडा हात मोकळा राहतो.

‘मूळ रकमेला हात न लावता व्याजातून’ ही आपल्याकडची आवडती अट. १० लाखांवर ७ टक्क्यांनी वर्षाला ७० हजार मिळतात; ते सगळे दरवर्षी वाटले तर मुद्दलाची किंमत झिजत जाते. तेच १० लाख पाच वर्षांत संपवायचे ठरवले तर दरसाल दोन लाख मुलांपर्यंत पोहोचतात. लहान रकमेला कायमस्वरूपी निधी करणे म्हणजे बँकेची सोय करणे होय. तरीही निधीच हवा असेल तर ‘कॉर्पस म्हणून’ (म्हणजे कायम राखायचे मुद्दल म्हणून) असा लेखी निर्देश मृत्युपत्रात हवाच. तो नसेल तर ती रक्कम संस्थेचे त्या वर्षाचे उत्पन्न धरली जाते आणि प्राप्तिकर सवलत टिकवण्यासाठी उत्पन्नाचा ८५ टक्के भाग खर्च करण्याच्या नियमात अडकते.

स्वतःच्याच नावाने नवा न्यास (ट्रस्ट) काढण्याचा मोहही टाळलेला बरा. मृत्युपत्राने सार्वजनिक न्यास निर्माण झाला तर १९५० च्या त्याच अधिनियमाच्या कलम २९ नुसार प्रोबेट (मृत्युपत्रावर न्यायालयाचे शिक्कामोर्तब) मिळाल्यापासून एक महिना किंवा मृत्यूपासून सहा महिने, यांपैकी जे आधी येईल तोवर व्यवस्थापकाने नोंदणीचा अर्ज करायचा असतो. पुढे दरवर्षीचे हिशेब आणि लेखापरीक्षण. पाच-दहा लाखांसाठी एवढा संसार कोण सांभाळणार?

कागदाची बाजू सोपी आहे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, साधा कागद आणि मराठी भाषा चालते. दोन साक्षीदारांनी मृत्युपत्रकर्त्याला सही करताना पाहून त्याच्यासमोर सह्या केल्या पाहिजेत. साक्षीदार आपल्याहून तरुण, पण सज्ञान, आणि लाभार्थी नसलेले घ्यावेत. दान मिळणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्याने मसुदा करणे, वकील आणणे, साक्षीदार जमवणे असे काही करू नये. लाभार्थ्याचा असा पुढाकार न्यायालयात संशयाचे कारण ठरतो. बँकेच्या ठेवीवरचा नामनिर्देशित माणूस मालक होत नाही, वारसांचा किंवा मृत्युपत्राचा विश्वस्त असतो. पण पैसे आधी त्याच्या हाती पडतात, म्हणून त्याला दानाची कल्पना असावी. करसवलतीसाठी हे करणाऱ्यांना एक सांगणे: मृत्युपत्रातील दानावर देणाऱ्याला वजावट मिळत नाही, आणि इस्टेट ड्यूटी (मृताच्या मालमत्तेवरचा कर) १९८५ मध्येच रद्द झाल्याने वाचवायला करही उरलेला नाही. वजावट हवी असेल त्याने हयातीत द्यावे.

नमुन्यादाखल: ‘उरलेल्या मालमत्तेचा १० टक्के हिस्सा (नाव, क्रमांक, पत्ता, पॅन) या संस्थेला, शक्यतो नववी ते बारावीतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांच्या शिक्षणखर्चासाठी द्यावा. संस्था तेव्हा अस्तित्वात नसल्यास व्यवस्थापकाने याच हेतूचे काम करणारी नोंदणीकृत संस्था निवडावी.’ व्यवस्थापक एक नेमावा आणि त्याच्यामागे पर्यायी दुसरा. दोघेही आपल्याहून तरुण असावेत.

यातला एक भाग संस्थांच्या हातात आहे. देणगीच्या पावतीवर, फलकावर, वार्षिक अहवालावर त्या क्यूआर कोड छापतात. त्याच पानावर असे एक नमुना वाक्य आणि आपले नोंदणीचे नेमके नाव छापायला फारशी जागा लागणार नाही. तसेच, मृत्युपत्राची प्रत कुठे ठेवली आहे हे मृत्युपत्रकर्त्याकडून कळवून घेण्याची पद्धतही त्यांनी पाडावी. आज अनेक संस्थांना आपल्या नावे काही ठेवले होते हे कधी कळतच नाही.

आपला,
एक वाचक