काका, पावसाळ्यातही आमचा गवती चहा हिरवा राहिला

ती. काकांना सा. न. वि. वि.

पावसाळ्यातलं वाळवण शिकवल्याचे पैसे तुम्ही घेत नाही आणि समोर आभार मानले की विषय बदलता. म्हणून हे पत्र मी आणि माझी जाऊ सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

गवती चहा, तुळस, पुदिना वाळवून विकणं मार्च-एप्रिलमध्ये कुणालाही जमतं. मुंबईत खरा प्रश्न जूनपासून. जुलैत बाहेरच्या हवेतच ८० ते ९० टक्के आर्द्रता. अशा हवेत तुळस काळी पडते आणि गवती चहाच्या जुडीला आतून बुरशी धरते. खिडक्या उघडा, पंखा लावा, असंच जो तो सांगायचा. तुम्ही लालबागच्या आमच्या खोलीत आलात, खिडक्या लावून घेतल्यात आणि विचारलंत, "पानांतलं पाणी जाणार कुठे?"

मग तिथेच हिशेब मांडलात. १० किलो ताज्या पानांत ७८ टक्के पाणी धरलं, तर कोरडा भाग २.२ किलो. शेवटी १० टक्के ओलावा ठेवला तर माल भरणार जेमतेम अडीच किलो. बाकीचं साडेसात लिटर पाणी खोलीच्या हवेत येणार आणि ते कुणीतरी बाहेर काढायला हवं. पावसाळ्यात खिडकी उघडली की ते जात नाही, उलट बाहेरचा दमटपणा आत येतो. हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा पाणी करून काढून घेणारं मशीन, घेतानाही तुमच्यामुळेच निभावलं. खोक्यावरचा लिटरचा आकडा बहुतेक वेळा ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रतेला मोजलेला असतो. आपल्याला खोली ५० टक्क्यांवर हवी, आणि हवा जितकी कोरडी तितकं मशीन कमी पाणी गोळा करतं. म्हणून एक माप मोठं मशीन घ्या म्हणालात. त्याची नळी थेट मोरीत सोडलीत, त्यामुळे रात्री टाकी भरून मशीन बंद पडायची भीती गेली.

आर्द्रता दाखवणाऱ्या मीटरवरही तुम्ही डोळे झाकून विश्वास ठेवू दिला नाही. झाकणात मीठ घेऊन ते पाण्याने नुसतं चिकट केलंत आणि मीटरसकट हवाबंद डब्यात ठेवलंत. ओल्या मिठासोबतची बंद हवा ७५ टक्के आर्द्रतेवर स्थिरावते, म्हणून सकाळी काटा ७५ वर हवा होता. आमच्या एका मीटरवर ८१ होता. आता त्यावरचे सहा वजा करूनच आम्ही वाचतो. ही युक्ती वाळवणाचं काम करणाऱ्या प्रत्येकाला कळायला हवी, काका.

मशीनची उष्णता खोलीतच राहते. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते, म्हणून मला तो फायदाच वाटत होता. पण तुम्ही सांगितलंत की तुळशी-पुदिन्याचा वास म्हणजे त्यातलं तेल, आणि फार तापलं तर तेच आधी उडून जातं. तेव्हापासून आम्ही ३८ अंशांच्या वर खोली जाऊ देत नाही. पंख्याचं तोंडही भिंतीकडे असतं, जाळ्यांवर थेट वारा लागत नाही.

सगळ्यात उपयोगी पडलं ते घाई न करणं. पहिल्याच दिवशी हवा फार कोरडी केली तर पात्याच्या कडा कुरकुरीत होतात आणि बुंध्याजवळ ओल राहते. पाकिटात गेल्यावर तीच ओल सगळीकडे पसरते. म्हणून खोलीची आर्द्रता आधी ५५ टक्के, मग हळूहळू ४५. काडी वाकली तर थांबायचं, कट्कन मोडली की बरणीत भरायची. बरणीत मीटर ठेवून दुसऱ्या दिवशी आकडा ६० च्या खाली दिसला तरच पाकीट बंद करायचं. यंदा गटारीच्या आठवड्यात, बाहेर धो धो पाऊस असताना, आमच्या बरणीत ५४ दिसले. जाऊबाईंनी तो आकडा गल्लीभर सांगितला.

तुमच्यासाठी गवती चहाची दोन पाकिटं बाजूला काढली आहेत. ती घ्यायला या आणि या वेळी तरी नाही म्हणू नका. काकूंना नमस्कार.

तुमच्या,
लालबागच्या दोघी जावा