रेझिन बाहुल्या घेताना: सभासदांसाठी सूचना

सर्व सभासदांना नमस्कार.

कलाकारांनी स्वतः घडवलेल्या, साच्यात मोजक्याच ओतलेल्या, सांधे हलणाऱ्या रेझिन (एक प्रकारचे कडक प्लास्टिक) बाहुल्यांच्या नकला सध्या सर्रास विकल्या जात आहेत. मूळ बाहुलीवरून साचा काढून केलेली नक्कल कृपया गटात दाखवू नका, विकू तर मुळीच नका. एकेक सांधा हाताने घासून बसवणाऱ्या कलाकाराच्या पोटावर तो पाय आहे.

वापरलेली बाहुली घेताना कलाकाराचे प्रमाणपत्र मागा, डोक्याचे झाकण उघडून आतला फोटो मागवा. किंचित पिवळेपणाला घाबरू नका. या बाहुल्यांचे पॉलियुरेथेन रेझिन कालांतराने पिवळे पडतेच, जपानच्या व्होक्स (Volks) कंपनीने १९९९ मध्ये आणलेल्या सुपर डॉल्फी बाहुल्यासुद्धा याला अपवाद नाहीत. उन्हात मात्र ठेवू नका.

सांधा घासायचाच असेल तर ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावूनच. ती भुकटी फुप्फुसांना फार वाईट.